दोन लाव्ह्यांच्या मधली हिरवळ

गेल्या उन्हाळ्यात पडेगावात आमच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पाया खोदायला जेसीबी आला. छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागले की पडेगाव लागते. आता गाव कसले, शहराचाच भाग झाला आहे. दुपारी रुग्णालयातून परतताना मी खड्ड्याच्या काठाशी थांबलो. वर वीतभर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या खडक आणि त्याच्या तळाशी हातभर जाडीचा विटकरी, तांबडा पट्टा. पट्ट्याखाली पुन्हा काळा पाषाण. जेसीबी चालवणाऱ्या पोराने गेरू लागलाय म्हणून सांगितले आणि बकेट पुढे घातले.

त्याच्या दृष्टीने तो गेरू. भूशास्त्राच्या दृष्टीने ती एके काळची माती. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, हे मराठवाड्यात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण सगळा लाव्हा एका दमात आला नाही. एक लोंढा यायचा, पसरायचा, थंड व्हायचा. पुढचा येईपर्यंत कुठे शेकडो, कुठे हजारो वर्षे जायची. तेवढ्या काळात उन्हापावसाने खालच्या खडकाची झीज होऊन त्याच्या पाठीवर माती तयार व्हायची. मग वरून दुसरा लोंढा यायचा आणि ती माती भट्टीतल्या विटेसारखी भाजून काढायचा. तांबडा पट्टा ही दोन लाव्ह्यांच्या मधली सुटी.

या सुटीत इथे कोण राहत होते, हा प्रश्न मला त्या खड्ड्याने घातला. त्याचे उत्तर शोधण्यात ज्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, त्याची गोष्ट आज सांगतो. या सदरात आपण एरवी रक्तदाब, मधुमेह, डेंग्यू असे विषय घेतो. आज एक वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. शेवटी शेवटी हृदयविकारापाशीही येऊ, म्हणजे सदराचा मान राखला जाईल.

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१चा, पंजाबातल्या भेरा गावचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. झेलमच्या काठचे, मिठाच्या डोंगररांगेपासून जवळचे. वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. विज्ञान लोकांपर्यंत त्यांच्याच भाषेत पोहोचावे म्हणून ते पंजाबीत व्याख्याने देत फिरत. सुट्टी लागली की मुलांना घेऊन हिमालयात पायी निघत. अमरनाथ, रोहतांग, झोजी ला. आजच्या पालकांना ऐकूनच धडकी भरेल अशा या पायपिटी होत्या. हिमनदीच्या कडेचा उघडा दगड, त्यावरचे पहिले हिरवट डाग, वर चढत जावे तशी विरळ होत जाणारी झाडे; मुलाने हे सगळे पुस्तकाआधी डोळ्यांनी पाहिले. पुढे तो दगड आणि झाड यांच्या मधल्या जागेतच रमला, याचे मला नवल वाटत नाही.

वडिलांच्या मनात मुलाने आयसीएस व्हावे असे होते. त्या काळच्या कोणत्याही सुशिक्षित घरात असते तसे. मुलाने नम्रपणे सांगितले की आपण सांगाल ते करीन, पण मला विचाराल तर वनस्पतिशास्त्र. वडिलांनी हट्ट धरला नाही. १९११ साली पदवी घेऊन साहनी केंब्रिजला गेले. तिथे त्यांना ए. सी. सिवर्ड हे गुरू भेटले. सिवर्ड हे जीवाश्म वनस्पतींचे, म्हणजे दगड झालेल्या झाडांचे, त्या वेळचे मोठे जाणकार होते. पण साहनींनी सुरुवात केली ती जिवंत वनस्पतींपासून. जिवंत झाडाची आतली रचना बोटांवर असल्याशिवाय मेलेल्या झाडाचा तुकडा ओळखता येत नाही, हा त्यांचा पक्का विचार होता. आम्हाला शवविच्छेदनाच्या टेबलावर याच्या उलट शिकवतात, मेलेल्यावरून जिवंत. पण मुद्दा तोच.

त्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होते नेफ्रोलेपिस नावाच्या नेच्यावर. १९१५-१६च्या सुमारास साहनींनी या नेच्याच्या खोडातल्या आणि गाठींमधल्या रसवाहिन्या कापून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचे जाळे उलगडले. हा नेचा तुमच्या ओळखीचा आहे. बाल्कनीत टांगलेल्या कुंडीतून लांब, करवती पाने लोंबत असतात ना, रोपवाटिकेत बॉस्टन फर्न म्हणून विकतात, तो याच कुळीचा.

आता जरा वाट वाकडी करून हवाई बेटांवर जाऊ. तिथे अजून लाव्हा वाहतो. थंड झालेल्या ताज्या लाव्ह्यावर सुरुवातीला जे मोजके हिरवे दिसते, त्यात भेगांमधून डोके काढणारा एक नेफ्रोलेपिस असतो. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत बसून साहनी ज्या कुळाच्या रसवाहिन्या मोजत होते, त्याच कुळातला नेचा उघड्या लाव्ह्यावर पहिला घरोबा करणाऱ्यांपैकी निघावा, हा योगायोग मला फार आवडतो.

ताजा लाव्हा म्हणजे काय, ते आधी नीट डोळ्यांसमोर आणा. रंग काळा, त्यामुळे उन्हात तव्यासारखा तापतो. पाणी पडले की भेगांतून खाली निघून जाते. माती नाही. खनिजांची मात्र श्रीमंती आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, थोडे पोटॅशियम, थोडा फॉस्फरस. एकच गोष्ट जवळपास शून्य असते, ती म्हणजे नायट्रोजन. नायट्रोजनशिवाय प्रथिन नाही आणि प्रथिनाशिवाय पेशी नाही. हवेत तो भरपूर आहे, पण हवेतला नायट्रोजन झाडाला थेट वापरता येत नाही. कोठारात धान्य भरलेले आहे आणि चूलच नाही, अशी अवस्था.

म्हणून पहिले येणारे बहुधा असे असतात की ज्यांची गरज तरी कमी असते किंवा ज्यांच्याकडे नायट्रोजन पकडण्याची सोय तरी असते. १८८३च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातले क्राकाटोआ फुटले आणि उरलेले बेट राखेखाली गाडले गेले. दुसऱ्या वर्षी तिथे गेलेल्या निसर्ग-अभ्यासकाला सापडला तो एकच जीव, वाऱ्यावर तरंगत आलेला छोटासा कोळी. तीन वर्षांनी डच वनस्पतिशास्त्रज्ञ ट्रॉयब तिथे पोहोचले तेव्हा राखेवर नीलहरित शेवाळाचा बुळबुळीत थर पसरला होता आणि त्याच्या आधाराने ११ जातींचे नेचे उगवले होते. हे नीलहरित शेवाळ खरे तर जिवाणू आहेत आणि त्यांतल्या अनेकांना हवेतला नायट्रोजन बांधता येतो. नेच्यांची बी नसते, बीजाणू असतात, धुळीहून हलके. समुद्र ओलांडायला त्यांना वारा पुरतो.

हवाईत हा पहिला थर दगडफुलांचा असतो. होय, आपल्या गोड्या मसाल्यात पडते तेच दगडफूल, त्याचे भाऊबंद. बुरशी आणि शैवाल यांनी भागीदारीत थाटलेला हा संसार. बुरशी दगडाला धरून बसते, ओल राखते आणि आपल्या आम्लाने दगड किंचित किंचित कुरतडते. शैवाल उन्हात अन्न शिजवते. आईसलँडजवळ १९६३ साली समुद्रातून सुर्टसे नावाचे नवे बेट वर आले. तिथे दोन वर्षांत किनाऱ्यावर पहिले फुलझाड उगवले, ते लाटांनी आणलेल्या बीपासून. अमेरिकेतला सेंट हेलेन्स १९८० साली फुटला, त्याच्या राखाडी माळावर पहिली हिरवी चकती उमटली ती ल्युपिन या झाडाची. ल्युपिन आपल्या तूर-हरभऱ्याच्या कुळातले. मुळांवर गाठी, गाठींत जिवाणू आणि जिवाणूंकडे नायट्रोजनची किल्ली.

म्हणजे प्रत्येक ठिकाणी पहिला येणारा वेगळा. क्राकाटोआवर शेवाळ आणि नेचे, सुर्टसेवर समुद्रावरून आलेले बी, सेंट हेलेन्सवर कडधान्याचा भाऊ. ठरलेली रांग नाही. कोण जवळ होते, वारा कुठून होता, पाऊस केव्हा पडला, यावर बरेच अवलंबून. आपल्या पाठ्यपुस्तकात आधी दगडफूल, मग शेवाळ, मग नेचे, मग गवत अशी पायऱ्यांची नीटस आकृती असते. ती पूर्ण चूक नाही, पण निसर्ग इतका शिस्तीचा नाही.

पुन्हा साहनींकडे येऊ. १९१९ साली लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते परतले. बनारसला एक वर्ष, लाहोरला एक वर्ष आणि १९२१ पासून लखनौ. विद्यापीठ नवे होते, वनस्पतिशास्त्राचा विभाग त्यांनीच उभा केला. १९२०मध्ये सावित्री सुरी यांच्याशी लग्न झाले होते. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागेल. सिवर्ड यांच्याबरोबर भारतातल्या जीवाश्म वनस्पतींचा फेरआढावा त्यांनी आधीच घेतला होता. आता ते स्वतंत्रपणे कामाला लागले. पहिल्यांदा राजमहालच्या टेकड्या, आजच्या झारखंडातल्या. तिथलाही खडक लाव्ह्याचा, दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी जुना, आणि तिथेही लाव्ह्याच्या थरांमध्ये झाडे दगड होऊन पडलेली. विल्यमसोनिया नावाच्या एका नामशेष वनस्पतीचे खोड, पाने, फुले असे सुटे अवयव जुळवून त्यांनी १९३२ साली अख्खे झाड कागदावर उभे केले आणि त्याला गुरूचे, सिवर्ड यांचे, नाव दिले.

मग त्यांचे लक्ष दख्खनकडे वळले. इथे आपल्या विदर्भाचा संबंध येतो.

नागपूरकरांना हिस्लॉप कॉलेज माहीत आहे. ज्यांच्या नावाचे ते आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५च्या सुमारास मिशनरी म्हणून नागपुरात आले. धर्मप्रसार हे त्यांचे काम, पण दगडांचा नाद भारी. नागपूरजवळच्या टाकळी इथे त्यांना लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात दगड झालेल्या बिया, फळे, पाने आणि गोगलगायींचे शंख सापडले. १८६३च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडून गेले. त्यांनी गोळा केलेले नमुने विलायतेत पोहोचले होते, पण त्यांच्या आत काय आहे हे पाहण्याचे तंत्र तेव्हा बाल्यावस्थेत होते.

साहनींच्या काळात नागपूर हे मध्य प्रांताचे राजधानीचे शहर. त्याच प्रांतात छिंदवाडा जिल्हा, आणि त्यात सौंसरचा मराठी बोलणारा मुलूख. सौंसरच्या आसपास आणि मोहगाव कलान या गावी शेतांतून चकमकीसारखा कठीण, गारगोटीच्या जातीचा दगड मिळतो. याला चर्ट म्हणतात. एका लाव्ह्यावर साचलेल्या तळ्याच्या गाळात तो तयार झाला आणि दुसऱ्या लाव्ह्याखाली दबला. लाव्हा आणि राख झिजताना त्यातली सिलिका पाण्यात विरघळते. तळ्यात पडलेल्या काटक्या, फळे, फुले यांच्या पेशीपेशीत ती शिरली आणि तिथेच घट्ट झाली. म्हणजे ज्या ज्वालामुखीने झाडे मारली, त्यानेच त्यांना जपूनही ठेवले. पेशीची भिंत, तिच्यातली छिद्रे, फळातले बी, बीच्या आतला गर्भ. सगळे जागच्या जागी.

हे दगड लखनौला आले. पुढचे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांना कल्पना यावी म्हणून सांगतो. आमच्या रुग्णालयात गाठीचा तुकडा तपासायला पाठवतात तेव्हा तो मेणात बसवून केसाहून पातळ चकतीत कापतात, काचेवर चढवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साहनी दगडाचे तेच करत. आधी करवतीने दगडाची चकती, मग ती काचेवर चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या भुकटीने घासत राहायचे, उजेड आरपार जाईपर्यंत. एक घास जास्त झाला की सहा-साडेसहा कोटी वर्षे टिकलेले फळ दोन सेकंदांत धूळ. मेणातल्या चकतीत चूक झाली तर आम्ही दुसरी कापतो. इथे दुसरे फळ नसते.

त्या काचांवर काय दिसले? १९३४ साली त्यांनी मोहगावच्या एका फळाचे वर्णन केले. ते कोणत्या कुळातले हे काही केल्या कळेना, म्हणून नावच ठेवले एनिग्मोकार्पोन, म्हणजे कोड्याचे फळ. पुढचे नाव आपले स्नेही, ओडिशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण परिजा यांच्यावरून. दहा वर्षांनी नागपूरचे व्ही. बी. शुक्ल यांनी त्याच जागेच्या दगडात एक फूल शोधले. त्याला साहनींचे नाव दिले, साहनिॲन्थस, आणि त्या कोड्याच्या फळाशी त्याचे नाते जुळवले. फळाला फूल भेटले. दुसरे एक पाणवनस्पतीचे बीजाणुकोश, ते भूशास्त्रज्ञ के. पी. रोडे यांच्या नावावरून आणि दख्खनच्या नावाने रोडेआयटीस दक्षिणी. ताडांची खोडे तर भरपूर.

मला मात्र सगळ्यांत मोलाचा वाटतो तो अझोला. सौंसरच्या दगडातला हा पाण्यावर तरंगणारा नखाएवढा नेचा साहनींनी १९४१ साली तपशीलवार मांडला. त्याचे नावच त्यांनी दोन लाव्ह्यांच्या मधला अशा अर्थाचे ठेवले आहे. अझोला आजही आहे. भातखाचरात खत म्हणून सोडतात, गाईम्हशींना चारा म्हणून घालतात. कृषी प्रदर्शनात त्याचा हिरवा हौद तुम्ही पाहिला असेल. खत म्हणून का, तर आजच्या अझोलाच्या पानाच्या पोकळीत नीलहरित जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन बांधून देतात. क्राकाटोआच्या राखेवरचा बुळबुळीत थर आठवतो? त्याच्याच नात्यातले. नायट्रोजनला पारख्या असलेल्या लाव्ह्याच्या मुलखात, तळ्याच्या पाण्यावर, हे झाड पसरले होते.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही तळी आपल्याला पहिला पाहुणा दाखवत नाहीत. लाव्हा थंड झाल्यावर अगदी आधी आलेले शेवाळ, दगडफूल यांचा मागमूस दख्खनच्या दगडात उरणे अवघड. ते मऊ, पातळ आणि उघड्यावरचे. तळे साचेपर्यंत, ताड उभे राहीपर्यंत वस्ती जुनी झालेली असते. सुरुवातीचे पान फाटलेल्या पुस्तकासारखे हे आहे. पहिले पान हवाईत आणि सुर्टसेवर वाचायचे, पुढची साहनींच्या काचांवर. दोन्ही मिळून गोष्ट पुरी होते, आणि गोष्ट अशी की ती एकदा घडलेली नाही. लाव्हा आला, सगळे संपले, हिरवळ परतली; पुन्हा लाव्हा, पुन्हा हिरवळ. दख्खनचा खडक आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. आपल्या पायाखाली अशा किती सुट्या गाडलेल्या आहेत, विचार करा.

या वनस्पतींवरून साहनींनी मोठा वादही अंगावर घेतला. दख्खनचा लाव्हा डायनासोरच्या युगातला, म्हणजे क्रिटेशस काळातला, असे तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञ मानत. साहनी म्हणाले, नाही, तो त्यानंतरच्या टर्शियरी युगाच्या आरंभीचा. १९४० साली मद्रासला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि अध्यक्षीय भाषणाचा विषय त्यांनी हाच घेतला. त्यांच्या पुराव्यात नीपा नावाचा ताड होता, खाजणात वाढणारा. सुंदरबनात त्याला गोलपाता म्हणतात. त्याची फळे छिंदवाड्याच्या दगडात मिळाली होती आणि लंडनजवळच्या टर्शियरी गाळातही अशीच फळे ठाऊक होती. शिवाय खाजणातला ताड म्हणजे समुद्राचा फाटा तिथपर्यंत आला असणार, हेही त्यांनी ताडले. विदर्भाच्या शेजारी समुद्र!

पुढे खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय मोजण्याची पद्धत आली आणि निकाल लागला तो दोघांच्या मधला. लाव्ह्याचा मुख्य भर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे दोन युगांच्या सीमेवरचाच. काही थर अलीकडचे, काही पलीकडचे. नीपा ताड क्रिटेशसमध्येही होता हे नंतर समजले, त्यामुळे तो पुरावा साहनींना वाटला तितका पक्का नव्हता. पण किरणोत्सार मोजण्याचे यंत्र नसताना, फक्त फळे आणि बीजाणू पाहून सीमेच्या इतके जवळ पोहोचणे ही साधी गोष्ट नव्हे. सोनोग्राफी नसताना नुसत्या हाताने पोट तपासून निदान करणारे जुने सर्जन आम्ही पाहिले आहेत. कधी चुकायचे, पण कुठे चुकले तेही शिकण्यासारखे असायचे.

१९३६ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच सुमारास रोहतकजवळच्या खोकरा कोट या टेकाडावर फिरताना त्यांना मातीचे काही तुकडे दिसले. ते प्राचीन यौधेयांच्या नाण्यांचे साचे निघाले. मग नाणी कशी ओतत याचा अभ्यास करून त्यांनी १९४५ साली त्यावर ग्रंथ लिहिला आणि नाणकशास्त्राचे पदकही मिळवले. या माणसाला जमिनीकडे न बघता चालताच येत नसावे.

एवढे होऊनही एक गोष्ट त्यांना खटकत होती. दगड झालेल्या वनस्पतींचा अभ्यास देशात विखुरलेला होता. नागपूरला कोणी, कलकत्त्याला कोणी. त्यासाठी स्वतंत्र संस्था हवी होती. १९४६ साली पतिपत्नींनी मिळून न्यास केला आणि आपली बचत, पुस्तके व जीवाश्मांचा संग्रह त्यात घातला. मुलेबाळे नव्हती. सरकारकडून जागा मिळवणे, पैसा उभा करणे, परदेशात व्याख्याने देणे, सगळे एकाच वेळी सुरू होते. १९४८मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतले तेव्हा ते थकलेले होते. अल्मोड्याला जाऊन विश्रांती घ्या, असा सल्ला मिळाला. त्यांनी काम सुरू ठेवले.

३ एप्रिल १९४९ला पंडित नेहरूंच्या हस्ते लखनौत संस्थेची कोनशिला बसली. ती कोनशिला साहनींनी स्वतः घडवली होती. जगभरातून आणलेले ७७ जीवाश्म तिच्यात बसवलेले. त्यानंतर आठवडाही पुरता झाला नाही. ९ आणि १० एप्रिलच्या मधल्या रात्री हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय ५७.

हे वाक्य मी इतिहास म्हणून वाचू शकत नाही. माझे वय त्यांच्या जवळपास आहे, आणि आमच्या वॉर्डात या वयाचा पुरुष छातीत दुखते म्हणून येत नाही असा आठवडा जात नाही. १९४९ साली डॉक्टरच्या हातात काय होते? मॉर्फिन, प्राणवायू आणि आठवडेच्या आठवडे सक्तीची विश्रांती. हृदय थांबले तर छाती दाबून ते चालते ठेवण्याची रीत १९६० साली प्रसिद्ध झाली. हृदयरुग्णांसाठी वेगळा अतिदक्षता विभाग ही कल्पना त्यानंतरची. गुठळी विरघळवणारी इंजेक्शने, अँजिओप्लास्टी तर पुढच्या पिढीच्या गोष्टी. आज तोच माणूस पहिल्या तासा-दोन तासांत पोहोचला तर बहुतेक वेळा चालत घरी जातो.

पण पोहोचायला आधी ओळखावे लागते. दौऱ्यावरून आलेला तो थकवा हृदयाचाच होता का, हे इतक्या वर्षांनी मी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. माझ्या रुग्णांपुरते मात्र नक्की सांगतो. झटक्याच्या आधीच्या दिवसांत नेहमीच्या जिन्याला दम लागणे, कारणाशिवाय गळून जाणे, चालताना छातीत जडपणा येऊन थांबल्यावर जाणे, हे कित्येकांना जाणवलेले असते. विचारले की ते कबूल करतात. आणि जवळजवळ प्रत्येकाकडे एक काम असते, जे झाल्यावर ते दाखवायला येणार होते. मुलीचे लग्न, कापसाची वेचणी, घराचा स्लॅब. साहनींच्या हाती संस्था होती.

संस्थेच्या आवारातच त्यांची समाधी आहे. इमारत अजून कागदावर होती. ती उभी केली सावित्रीबाईंनी. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. त्यांनी संस्थेचे अध्यक्षपद घेतले, देशी-परदेशी तज्ज्ञ आणले, युनेस्कोची मदत मिळवली, आणि २ जानेवारी १९५३ला नेहरूंच्याच हस्ते नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. १९६९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लखनौची ती संस्था आज साहनींच्या नावाने आहे, आणि दख्खनच्या लाव्ह्यांमधल्या गाळावर अजूनही तिथे काम चालते. मोहगावचा चर्ट मात्र फारसा कोणी राखत नाही. शेतकऱ्याला तो नांगराला आडवा येणारा दगड, विकणाऱ्याला शोभेची वस्तू. मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यात घुघुवा इथे १९८३ साली जीवाश्मांचे राष्ट्रीय उद्यान केले, तसे भाग्य सगळ्या जागांना मिळालेले नाही.

आमच्या शेजारचा पाया दुसऱ्या आठवड्यात काँक्रीटने भरला. तांबडा पट्टा दिसेनासा झाला. त्यातून निघालेल्या मांजऱ्या दगडांचा ढीग मात्र कुंपणाला लागून तसाच पडून राहिला. जून सरताना त्यावर काळपट-हिरवा थर धरला होता. ऑगस्टमध्ये दोन दगडांच्या फटीत मोरशिखा उगवली, पंख्यासारख्या पानांची, बोटभर उंचीची. घरमालक तो ढीग उचलायला ट्रॅक्टर कधी येतो, म्हणून रोज चौकशी करत असतात.